आधी कारण, मग पिस्टन

सोलापुरात गाडी बंद पडली की पहिला आरोपी ऊन. बॅटरी उतरली, ऊन. ट्यूब फाटली, ऊन. आणि इंजिनच जाम झालं तर मग चौकशीचीसुद्धा गरज उरत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, आणि सगळं गाव एका सुरात वर बोट दाखवून मोकळं होतं. अशा गावात उन्हाचं वकीलपत्र घेऊन बसलेला एक माणूस मला माहीत आहे. खरं तर एक नाही, असे चार-पाच आहेत. शोधलं तर प्रत्येक पेठेत एखादा निघेल. त्या सगळ्यांना मिळून मी आण्णा म्हणतो.

"ऊन सगळ्यांना आहे की ओ सर," आण्णा म्हणतात, "मग सगळ्यांचे पिस्टन का जात नाहीत?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. इंजिनच्या आत पेट्रोल जळतं तिथली वाफ दोन हजार अंशांच्या वर जाते. तिला बाहेरच्या ४३ चं काय कौतुक? पण हे पटायला डोकं थंड लागतं, आणि गाडी ढकलत आलेल्या माणसाचं डोकं पिस्टनपेक्षा तापलेलं असतं.

आण्णांचं गॅरेज पूर्व भागात, कन्ना चौकातून आत. दोन्ही बाजूंना पॉवरलूम, त्यांची खटखट सकाळी सुरू होते ती रात्री उशिरा थांबते. त्या आवाजात आण्णा इंजिनचा आवाज ऐकतात, हे मला पहिल्यांदा ढोंग वाटलं होतं. गॅरेजला नावाची पाटी नाही. 'आज रोख उद्या उधार' नाही, देवाच्या फोटोखाली शेठचा मोबाइल नंबर नाही. भिंतीवर शाळेतून निकालात निघालेला एक काळा फळा, आणि त्यावर खडूनं चार शब्द: 'आधी कारण, मग पिस्टन'.

नवीन गिऱ्हाईक ते वाचतं आणि विसरतं. मग घोटाळा होतो.

"आण्णा, नवीन पिस्टन टाका. मला दोन वाजता मार्केट यार्डात पोचायचंय."

"टाकतो की. पहिला का गेला?"

"गेला म्हणजे गेला."

"असं कसं? माणूस गेला तरी डॉक्टर कारण लिहून देतात. त्याशिवाय जाळता येत नाही."

गिऱ्हाईक घड्याळ बघतं. आण्णा स्टूल पुढे सरकवतात. दोन वाजताचं मार्केट यार्ड बुडालं, हे अशा वेळी माझ्यासारख्या जुन्या बसणाऱ्याला लगेच कळतं.

सोलापूरच्या गल्लीत चार भाषा नांदतात. आण्णांच्या घरात तेलुगू, इंडी-अफझलपूरकडच्या गिऱ्हाइकांशी कानडी, हाताखालच्या बारक्याशी दखनी, आमच्याशी मराठी. या चारही भाषा ते मोडक्यातोडक्याच बोलतात, पण प्रत्येक भाषेतला एक शब्द मात्र अस्सल उच्चारतात. का. क्यूं. याके. एंदुकु. एखाद्या दिवशी चार गिऱ्हाइकं एकदम बसलेली असली की हे चार शब्द असे आळीपाळीनं पडतात की मागावरचा धोटा इकडून तिकडे धावतोय असं वाटावं.

आण्णांचे वडील गिरणीत होते. जुन्या मिलमध्ये, जी १८७७ साली उभी राहिली आणि जिच्या भोंग्यावर या गावानं घड्याळं लावली. कापड तपासणीच्या खात्यात बसायचे. तिथलं एक पितळी घडीचं भिंग त्यांनी पोराला ठेवलंय. एका इंचात ताण्याचे किती धागे नि बाण्याचे किती, हे मोजायचं भिंग. उघडलं की काडेपेटीएवढं टेबलासारखं उभं राहतं. आण्णा ते कापडावर नाही, पिस्टनवर ठेवतात. वडिलांचा धडा एवढाच होता म्हणे, की धागा तुटला तर गाठ मारणारे शंभर असतात, तो का तुटला ते बघणारा खात्यात एकच असतो आणि त्याचा पगारही तेवढाच असतो.

पुढे गिरण्या बंद पडल्या. त्या का पडल्या, हा एक प्रश्न आण्णांकडे वर्षानुवर्षं तसाच पडून आहे. "तो ब्लॉक कोणी उघडूच दिला नाही ओ सर. कोणी म्हणालं संप, कोणी म्हणालं यंत्रं जुनी, कोणी म्हणालं पॉवरलूम आले. ऊन म्हणाले नाहीत एवढंच."

आता त्यांच्या कामाची रीत सांगतो. इतर मेस्त्री गाडी आली की आधी पाना हातात घेतात. आण्णा शंभरपानी वही घेतात. आधी मालकाचा जबाब, मग इंजिन. उलटं करायचं नाही, कारण पिस्टन आधी बघितला तर गिऱ्हाइकाकडे बघायची नजर बदलते, असं त्यांचं म्हणणं. ऑइल कधी बदललं, किती घातलं, पेट्रोल कुठं भरलं, मागं कोण बसलं होतं, त्याचं वजन किती. मागच्या माणसाचं वजन विचारलं की मालक बायकोकडे बघतात आणि दहा किलो कमी सांगतात. आण्णा ते तसंच लिहितात आणि समोर कंसात दहा वाढवून ठेवतात.

मग इंजिन उघडतं. हेड निघतं, ब्लॉक वर उचलला जातो आणि कनेक्टिंग रॉडच्या टोकावर पिस्टन डुलत उभा राहतो. उपडा घातलेला ॲल्युमिनियमचा पेला, त्याहून जास्त काही नाही. आण्णा गजन पिन काढतात, पिस्टन रॉकेलमध्ये बुचकळतात आणि टॉवेलनं पुसतात. इतर गावांत मेस्त्री चिंध्या वापरतात, सोलापुरात मेस्त्रीसुद्धा टर्किश टॉवेल वापरतो. कारखान्यातून वजनावर मिळणारा, काठ चुकलेला. पुसून झालं की ते दारात उजेडाला येतात, आणि दाखवायला आणलेल्या मुलीकडे पूर्वीच्या बायका जशा बघायच्या तसा तो पिस्टन चहूबाजूंनी फिरवून बघतात. डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे असतो, म्हणजे कुठली बाजू तापलेली नि कुठली बाजू थंड हवेची, हे आधी ठरतं. त्यानंतर पंधरा मिनिटं बोलायचं नाही. चहासुद्धा आवाज न करता प्यायचा.

एकदा एक पोरगा आला. ब्लॉकला नवीन बोअरिंग केलेलं, पिस्टन पन्नास ओव्हरसाइझ, गाडी दोन दिवसांपूर्वीच गॅरेजमधून सुटलेली, आणि जाम. पोरानं जबाबात लिहून दिलं, चाळीसच्या वर नेली नाही.

आण्णांनी पिस्टन मला दाखवला. पिन जिथून आरपार जाते त्या भोकांच्या आजूबाजूला चार ठिकाणी उभे ओरखडे. वर दोन, खाली दोन असे नव्हे. पिस्टनला चार कोपरे असते तर त्या चार कोपऱ्यांवर. नख आडवं ओढलं तर अडकत होतं. "पिनजवळ धातू जाड असतो," आण्णा म्हणाले, "तिथं तो जास्त फुगतो. बोअर लोखंडी. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या दुपटीनं फुगतं. दोघांच्या मधी जागा किती? केसाएवढीसुद्धा नाही. नवीन बोअर म्हणजे नवीन चप्पल. पायाला बसेपर्यंत हळू चालायचं असतं."

मग पोराकडे वळले. "चाळीस काय बे? किलोमीटर का मिनिटं?"

पोरगा गप्प.

"सहा वाजता सात रस्त्यावरनं निघालास. सहा चाळीसला तुळजापुरात पोचून फोटो टाकलास. मी बघितला की. पंचेचाळीस किलोमीटर."

पोरानं आईची शपथ घ्यायला हात वर केला होता, तो तसाच केसांतून फिरवला.

दुसरा एक गृहस्थ, घरचेच टॉवेलचे माग असलेला. गाडी फोर-स्ट्रोक, धूर मारत होती, ओढ नव्हती, ऑइल पीत होती. त्याच्या पिस्टनवर ओरखडा एकही नाही. नुसती चकाकी गेलेली, राखेनं घासलेल्या भांड्यासारखी. मला तर तो पिस्टन चांगला वाटला. आण्णांनी भिंग ठेवलं आणि म्हणाले, बघा. आत बारीक उभ्या रेघा, एकीला लागून एक, एकसारख्या, थेट कापडाच्या ताण्यासारख्या. "ही धूळ. जाम झालेल्या पिस्टनला मार बसतो, धुळीचा पिस्टन झिजतो. एक एकदम मरतो, एक हळूहळू." एअर फिल्टरचा डबा उघडला. आत फिल्टर नव्हताच. त्या जागी चौकोनी कापलेला टॉवेलचा तुकडा होता, गुलाबी, एका कडेला फूल विणलेलं.

"फिल्टरला पैसे कशाला घालायचे म्हटलं," गृहस्थ म्हणाले, "घरचंच कापड आहे."

"टॉवेल लावला ते ठीक," आण्णा म्हणाले. "साबण कुठाय?"

तिसऱ्यानं सांगितलं की ऑइल परवाच बदललंय. बारक्यानं खालचा बोल्ट सोडला. लिटरभर यायला हवं तिथं कटिंग चहाएवढं काळं, दाट काहीतरी आलं आणि थांबलं. आण्णांनी वहीत 'परवा' या शब्दाखाली रेघ मारली. बोलले काही नाहीत. त्या माणसाचा पिस्टन बघायचीसुद्धा त्यांना इच्छा नव्हती. तिथं कोडं नव्हतं. कोडं नसलेल्या गाडीला ते बारक्याच्या हवाली करतात.

जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात तैइची ओनो नावाचे एक इंजिनिअर होते. यंत्र बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे खरं कारण हाताला लागतं, ही त्यांची शिकवण जगभरच्या मॅनेजमेंटच्या वर्गांत शिकवतात. मी आण्णांना हे मोठ्या हौसेनं सांगितलं. त्यांना त्यात विशेष वाटलं नाही. "पाचच का?" एवढं विचारलं.

कारण आण्णा पाचावर थांबत नाहीत. एअर फिल्टर नव्हता, हे त्यांच्या लेखी कारणच नव्हे. फिल्टर का नव्हता? पैसे वाचवायचे होते. का? पैसे नव्हते का? होते. मग? इथवर आलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो आणि आण्णांचा उजळतो. गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक लाकडी फळी आहे, तिच्यावर मेलेले पिस्टन ओळीनं मांडलेत, आणि प्रत्येकाला धाग्यानं एक चिठ्ठी बांधलेली. कुणाचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही. इतर कुठलाही मेस्त्री तिथं 'ऑइल कमी', 'टायमिंग पुढं', 'प्लग चुकीचा' असं लिहील. आण्णांच्या चिठ्ठ्या अशा: 'घाई'. 'कंजुषी'. 'शेजाऱ्याचं ऐकलं'. 'बायकोला सांगितलं नाही'. 'मेव्हणा', हे दोनांवर आहे. डोक्याला मधोमध भोक पडलेल्या एका पिस्टनवर लिहिलंय, 'कुणीतरी म्हणालं म्हणून'. त्याची हकिगत अशी की कुणीतरी म्हणालं, जेट बारीक बसव, ॲव्हरेज वाढेल. ॲव्हरेज वाढलं. पेट्रोल कमी, हवा जास्त, आतली आग कडक, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मेणात उदबत्ती टेकवावी तसं भोक.

एका चिठ्ठीवर नुसतं 'मिरवणूक' आहे. सोलापुरात मिरवणुका किती निघतात हे सोलापूरकरांना सांगायला नको. सायलेन्सर काढलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, तीन तास, आणि वर सारखी रेस. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, त्याला वाराच नाही. तो पिस्टन एका बाजूनं असा पुसला गेलाय की रिंगा खाचेतच गाडल्या गेल्या. त्या पोराला आण्णांनी विचारलं होतं, "मिरवणूक कशाची होती?" पोराला आठवेना.

ही सवय गॅरेजचं शटर ओढल्यावर बंद झाली असती तर आण्णा सुखी माणूस असते. घरात आमटी खारट झाली की ते चिडत नाहीत, ते विचारतात. काकूंनी एकदा मला सांगितलं, "चिडलेलं परवडतं ओ. हे कागद घेऊन बसतात." पुतण्याचं जमलेलं लग्न मोडलं तेव्हा सगळे रडत होते, आणि आण्णा मुलीच्या मामाला बाजूला घेऊन, नेमकं कुठल्या दिवसापासून आवाज बदलला, असं विचारत होते. उजनी भरलं तरी नळाला पाणी रोज का येत नाही, यावर दोन वह्या झाल्यात; पाइपलाइन उघडून बघायला त्यांना अजून कोणी दिलेली नाही. धंद्याचं म्हणाल तर समोरच्या गॅरेजवाल्यानं मागच्या वर्षी वरचा मजला चढवला. तो गाडी आली की पिस्टन बदलतो आणि पाच वाजता देतो. लोकांना गाडी पाच वाजता हवी असते. कारण कुणालाच नको असतं, आणि ते का नको असतं हे आण्णांना कळत नाही, म्हणून ते पुन्हा विचारतात. माणूस असह्य आहे, हे मी प्रेमानं पण स्पष्ट सांगतो.

आता माझं.

माझ्याकडे वडिलांची यझ्दी आहे. म्हैसूरला बनायची ती, अडीचशे सीसी, दोन सायलेन्सरची. जिच्यात किक आणि गिअर एकाच दांडीत आहेत आणि ज्यामुळे नवखा माणूस किक मारायला जाऊन गिअर शोधत बसतो. टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. तेच जळतं, तेच पिस्टनला माखतं. ऑइलचं माप मी वडिलांनी दिलेल्या औषधाच्या बाटलीनं घेतो. त्या बाबतीत मला कोणी बोट दाखवू शकत नाही, असा माझा अभिमान होता.

दर रविवारी मोहोळकडे शेतावर जातो. दसऱ्यानंतरच्या रविवारी सावळेश्वरचा टोलनाका ओलांडला आणि इंजिनचा आवाज बारीक झाला. बारीक म्हणजे कोरडा. घसा सुकल्यावर माणूस बोलतो तसा. मग मागचं चाक एकदम धरलं. क्लच दाबला म्हणून आज हे लिहितोय. रस्त्याच्या कडेला गाडी लावली, पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं, टाकी भरलेली. पंधरा मिनिटांनी किक खाली गेली, गाडी सुरू झाली, खडखडत घरी आलो. घराजवळच्या एका मेस्त्रीनं पिस्टन बदलला, पाच वाजता दिली. म्हणाला, ऊन. ऑक्टोबर होता, पण आपल्याकडे ऑक्टोबरलाही ऊन असतं, मला पटलं.

रनिंग-इन म्हणून महिनाभर गावातच चालवली. मग एका रविवारी पुन्हा निघालो, आणि पुन्हा सावळेश्वर, पुन्हा तो कोरडा आवाज, पुन्हा चाक धरलं. त्याच दगडापाशी.

"पहिला पिस्टन कुठाय?" आण्णांनी विचारलं.

"भंगारात दिला असेल त्यानं."

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी कुणी गेल्यासारखं तोंड केलं. "पुरावा भंगारात," ते अखेर म्हणाले आणि वही उघडली.

मी जबाब दिला. ऑइल मापानं. वेग साठ. मागं कोणी नाही, वांग्यांची पिशवी. वजन खरं सांगितलं. मग माझा संशय पुढे केला: दसऱ्याच्या सुट्टीत मेव्हण्यानं गाडी अक्कलकोटला नेली होती, त्यानं बिनऑइलचं पेट्रोल टाकलं असणार. मेव्हणा म्हटल्यावर आण्णांचे डोळे फळीकडे गेले. मला वाटलं, तिसरी चिठ्ठी लागली.

"अक्कलकोट चाळीस किलोमीटर," ते हिशेब करत म्हणाले. "ऑइल नसतं तर तिकडंच धरली असती, स्वामींच्या दारात. ते पेट्रोल जळून महिना झाला. मेव्हणा सुटला." तरी टाकीतलं पेट्रोल त्यांनी कागदावर दोन थेंब टाकलं. पेट्रोल उडून गेलं, मागे तेलाचा गोल डाग राहिला. "तुम्ही पण सुटलात. आतापुरते."

प्लग काढला. चांगला प्लग विटकरी-चॉकलेटी असतो. माझा खडूसारखा पांढरा. पिस्टनची एक्झॉस्टची बाजू पुसलेली, वरची रिंग खाचेत बसून राहिलेली. म्हणजे उपासमार: हवा जास्त आत येतेय, नाहीतर पेट्रोल कमी. क्रँकची सीलं बघितली, ठीक. गॅस्केट ठीक. कार्बोरेटरची जेट उजेडाला धरून बघितली, आरपार. दुपार झाली. बारक्या जेवून आला. मी दोनदा म्हणालो, आण्णा, बसवून टाका. त्यांनी ऐकलं नाही.

मग त्यांनी टाकीच्या कॉकची नळी काढून मापाच्या बाटलीत सोडली आणि कॉक उघडला. छान धार पडली. मी म्हटलं, "बघा, पेट्रोल येतंय." आण्णांनी घड्याळ काढलं. धार पडत राहिली. अर्ध्या मिनिटानं ती बारीक झाली. मग शिवणाच्या दोऱ्याएवढी. मग थेंब, एक, आणि थोड्या वेळानं दुसरा. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली होती.

आण्णांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं.

फुस्स.

आणि खाली धार पुन्हा मोकळी झाली.

हा आवाज मी दोन्ही वेळा रस्त्यावर ऐकला होता आणि जबाबात सांगितला नव्हता. टाकीतलं पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत यावी लागते, म्हणून झाकणाला एक बारीक भोक असतं. नारळाला एकच भोक पाडून पाणी काढून बघा, तोच प्रकार. माझं भोक पूर्ण बुजलेलं नव्हतं. घर ते शाळा तीन किलोमीटर, तेवढ्या तहानेला पुरत होतं. हायवेवर साठनं वीस किलोमीटर सलग, त्या तहानेला पुरत नव्हतं. आण्णांनी काकूंकडून सुई मागवली. भोकातून वाळलेलं काहीतरी टोकरून कागदावर काढलं आणि वर भिंग ठेवलं. मी वाकून बघितलं. पिवळी पूड. लाल पूड. आणि तांदळाचा अर्धा दाणा.

"दसरा," आण्णा म्हणाले.

मी गप्प.

"पूजा कोणी केली?"

"घरच्यांनी."

"घरच्यांनी म्हणजे?"

"मी."

"दरवर्षी?"

"दरवर्षी आई करते. हेडलाइटवर स्वस्तिक काढते. यंदा तिचे गुडघे दुखत होते."

"मग तुम्ही झाकणावर का केली?"

"हेडलाइटवरनं अक्षता घसरत होत्या."

"म्हणून?"

"झाकण सपाट होतं."

गॅरेजमध्ये शांतता झाली. बारक्या तोंड फिरवून स्पॅनर पुसायला लागला. आण्णांनी चिठ्ठी फाडली, पेन घेतलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांना अडलेलं बघितलं. घाई नव्हती. कंजुषी नव्हती, हळद-कुंकू भरपूर होतं. 'भक्ती' लिहायला त्यांचा हात धजेना. ते स्वतः दर गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजाच्या मागे अनवाणी चालतात. देवाचं नाव आरोपींच्या फळीवर चढवायचं नव्हतं आणि कारण न लिहिता पिस्टन ठेवायचा नव्हता. शेवटी त्यांनी दोन शब्द लिहिले, धागा बांधला आणि पिस्टन मेव्हण्यांच्या शेजारी ठेवला.

'सपाट जागा'.

गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली. त्यानंतर चार दसरे गेले, सावळेश्वर मी कितीदा ओलांडलं ते मोजलं नाही. दरवर्षी नवरात्र बसलं की आण्णा त्या काळ्या फळ्यावर चार शब्दांच्या खाली आणखी एक ओळ लिहितात आणि कोजागिरी झाली की पुसतात. मी गेलो की ती मला मोठ्यानं वाचायला लावतात, म्हणून पाठ झालीये: 'पेट्रोलच्या झाकणाला हळद-कुंकू लावू नये. हेडलाइट आहे. अक्षता घसरल्या तर घसरू द्याव्यात.'